ताकाओ ते जिन्बा: दिवस साडेचारला संपतो

तोक्योत शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींना पहिल्या दोन-तीन महिन्यांत कुणीतरी ताकाओला नेतंच. शिंजुकूहून केइओ लाइन, तासाभरात ताकाओसान्गुची, भाडं साधारण चारशे येन. डोंगर ५९९ मीटरचा, वाटा आखलेल्या, शिवाय केबल कार. ही माहिती ढिगाने मिळते, ती इथे उगाळत नाही. मला सांगायचंय ते ताकाओच्या मागे वायव्येकडे गेलेल्या धारेबद्दल: ताकाओ, शिरोयामा, कोबोतोके खिंड, कागेनोबू (७२७ मीटर), म्योओ खिंड आणि शेवटी जिन्बा (८५५ मीटर). सगळं मिळून साधारण १८ किलोमीटर, चालायला सहा-सात तास. चढ-उतार सह्याद्रीच्या मानाने किरकोळ. डिसेंबरात मी ती केली तशी मात्र करू नका.

आदल्या रात्री बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, होतं. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २८ तासच काम करता येतं आणि माझे बरेचसे तास कोन्बिनी दुकानातल्या रात्रपाळीतच जातात. शनिवारी उठायला उशीर झाला, ताकाओसान्गुचीला उतरले तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. पुण्याच्या हिशेबाने हा उशीर नव्हेच. आम्ही राजमाची रात्रीच चालतो. अंधार पडला तर पडला, चांदणं असतंच.

माथ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ताकाओवरून पाहिलं तर सूर्य बरोबर फुजीच्या टोकावर मावळतो. ह्याला ‘डायमंड फुजी’ म्हणतात आणि त्यासाठी लोक दुपारपासून ट्रायपॉड रोवून बसतात. केबल कारने आलेली मंडळी, टाचांचे बूट, स्वेटर घातलेली कुत्री. ‘हे कसले ट्रेकर!’ असं मनात म्हणत मी शिरोयामाच्या वाटेला लागले. त्या प्रत्येकाला सूर्य किती वाजून किती मिनिटांनी मावळणार हे ठाऊक होतं. मला नव्हतं.

कागेनोबूला पोहोचले तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं. तिथून जिन्बा दोनेक तास. म्हणजे पाच वीस, चालतंय की! बेरीज बरोबर होती, फक्त त्या दिवशी तोक्योत सूर्यास्त साडेचारला होता. ह्याचं कारण आता पाठ झालंय. जपानचं घड्याळ १३५ अंश रेखावृत्तावर लावलेलं, तोक्यो त्याच्याही पूर्वेला, शिवाय बरंच उत्तरेला. पुण्याचं उलटं, आपण ८२.५ अंशांच्या पश्चिमेला, त्यामुळे डिसेंबरातही सहापर्यंत उजेड मिळतो. हा दीड तासाचा फरक मी सॅकमध्ये भरलाच नव्हता. हेडटॉर्चसुद्धा पुण्याच्या कपाटात.

सुगीच्या रानात तर साडेचारचीही वाट बघावी लागत नाही. सुगी म्हणजे जपानी देवदार, लाकडासाठी रांगेने लावलेले, सरळसोट. चारलाच त्यांच्याखाली मुळं आणि दगड एका रंगाचे दिसायला लागले. मोबाइल काढला, तर कागेनोबूला चाळीस टक्के असलेली बॅटरी थंडीने नऊवर आलेली. तेवढ्यात उजवीकडच्या दरीतून, कुठल्याशा गावाच्या भोंग्यावरून, संथ सूर वर आले. ‘युयाके कोयाके’. जपानात अनेक गावांत संध्याकाळी हे बालगीत वाजवतात, पोरांनी आता घरी जावं म्हणून. एरवी वसतिगृहाच्या खिडकीतून ऐकताना गोड वाटतं. त्या धारेवर एकटीने ऐकताना पोटात गोळा आला.

म्योओ खिंडीत पोहोचेपर्यंत चाचपडत चालत होते. पाटीवर मोबाइलचा उजेड टाकून वाचत असताना जिन्बाकडून एक दिवा हलत आला. सत्तरीच्या एक आजी, कमरेला किणकिणणारी अस्वलघंटा. “कोम्बान्वा,” म्हणाल्या आणि माझ्या कपाळावर दिवा नाही हे बघून थांबल्या. माझ्या मोडक्या जपानीत मी जिन्बा आणि बस असं काहीतरी बोलले. त्यांनी मान हलवली. तुझ्या चालीने, दिव्याशिवाय, खालच्या स्टॉपवर बस मिळेल ह्याचा भरवसा धरू नकोस. इथून दक्षिणेला उतर, सागामिको स्टेशन आहे, तिथे रेल्वे रात्री उशिरापर्यंत आहे. मग सॅकमधून दुसरा, राखीव हेडटॉर्च काढून माझ्या हातात दिला आणि पुढे चालू लागल्या.

दोन तास आम्ही फारसं बोललो नाही. एकदाच त्या मध्येच वाकल्या, मला वाटलं बुटाची नाडी. दिव्याच्या झोतात दिसलेला चॉकलेटचा कागद उचलून त्यांनी खिशात टाकला. ‘खरा ट्रेकर कोण’ ह्यावर आमच्या ग्रुपमध्ये रात्र-रात्र वाद चालतात. कळसूबाईच्या रांगेपासून कलावंतिणीच्या सेल्फीपर्यंत सगळ्यांवर आम्ही निकाल दिलेत. त्यातल्या कितींच्या सॅकमध्ये दुसऱ्यासाठी टॉर्च असतो, हे आठवून बघितलं. स्टेशनवर मी दिवा परत केला, त्यांनी तो पुसून ठेवला आणि मला एक मिकान दिलं. साल टाकायला कचरापेटी शोधत राहिले. नव्हतीच. साल खिशातून तोक्योपर्यंत आली.

इतिहास थोडक्यात, कारण तो माझाही उसनाच आहे. कोबोतोके खिंडीतून एदोकाळचा कोशू काइदो हा हमरस्ता जायचा. त्याआधी १५६९ मध्ये सरदार ताकेदा शिंगेनच्या फौजेची एक तुकडी ह्याच खिंडीतून उतरली. जिन्बा हे नाव ताकेदांच्या तळावरून पडलं, असं एक मत. ताकाओवरच्या याकुओइन देवळाची स्थापना परंपरेनुसार ७४४ ची. आणि जे मला घरी परतल्यावर कळलं ते असं: ‘युयाके कोयाके’ लिहिणारे नाकामुरा उको ह्याच धारेच्या पायथ्याच्या ओंगाता गावचे.

आता तुमच्या कामाचं.

दिशा उलटी ठेवा. ताकाओ स्टेशनवरून सकाळची बस धरून जिन्बाकोगेनशिताला जा, तिथून जिन्बा चढा आणि ताकाओकडे या. बसचं वेळापत्रक सकाळी पाळणं सोपं. संध्याकाळी तुम्ही रेल्वे, सोबा आणि ताकाओसान्गुची स्टेशनला लागूनच असलेल्या गरम पाण्याच्या कुंडांकडे उतरत असता.

हिवाळ्यात दुपारी तीनला कुठे असाल ते आधी लिहून काढा. ती जागा खाली उतरायच्या शेवटच्या टप्प्यावर नसेल तर बेत छोटा करा. पळवाटा दोन लक्षात ठेवा: कोबोतोकेतून पूर्वेला बस, म्योओतून दक्षिणेला सागामिको स्टेशन. उशीर झाला असेल तर बसपेक्षा स्टेशन बरं.

यामाप ह्या ट्रेकिंगच्या ॲपवर नकाशा आधीच उतरवून घ्या, मोबाइल आतल्या खिशात अंगालगत ठेवा. हेडटॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही. अस्वलघंटा घ्या, ह्या रानात काळी अस्वलं आहेत. वाट चुकलात तर ११०, जखमी झालात तर ११९.

शाकाहारींनी उमेबोशी किंवा कोम्बूची ओनिगिरी बांधून न्यावी. वरच्या चहाच्या टपऱ्यांतलं सूप साधं दिसलं तरी त्यात बहुतेक वेळा माशाचं दाशी असतं. कचरा स्वतःचा स्वतः परत आणायचा, इथे पेट्या नसतात. समोरून येणाऱ्याला ‘कोन्निचिवा’ म्हणायचं. आणि सेइशुन १८ ह्या स्वस्त रेल्वे तिकिटाच्या भरवशावर सुट्टे शनिवार आखू नका. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते तिकीट सलग तीन किंवा पाच दिवसांचंच झालंय.

गर्दी नको असेल तर लेक्चर नसलेला मधला वार पकडा. विद्यार्थ्याकडे पैसे नसतात, पण मंगळवार असतो.

फेब्रुवारीत अशाच एका मंगळवारी मी पहिल्या बसने गेले. साडेनऊला जिन्बाच्या माथ्यावर होते, फुजी अख्खा दिसत होता. माथ्याची खूण म्हणून तिथे पांढऱ्या घोड्याचा एक पुतळा आहे. मान वर ताणलेला, थोडा ओबडधोबड, सोसायटीच्या बागेत शोभेल असा. जवळ जाऊन एकदा थोपटला. ह्याच्यासाठी मी डिसेंबरात अंधारात रान तुडवत होते.