तंबोरा तोच हवा होता

दुकानात मी निवडलेला तंबोरा आणि घरी आलेला तंबोरा एक नव्हते. हे मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, आजही सांगते. दुकानाचं नाव लिहीत नाही. कोल्हापुरातलं आहे, मिरजेहून वाद्यं आणून विकतं, एवढं पुरे.

निवडताना रांगेतले सगळे तंबोरे मी स्वरात लावून घेतले होते. माप एक, लाकूड तेच तुणाचं, कारागीरही म्हणे एकच. तरी प्रत्येकाचा आवाज निराळा. एकाची जोडी सुरेख, पण खर्ज बसका. दुसऱ्याचा पंचमच बाकीच्या तारांवर कुरघोडी करणारा. एकात मात्र खर्ज छेडला की त्याच्या पोटातून गंधार स्वच्छ उमटत होता. तोच ठरवला. त्याच्या भोपळ्याला डाव्या अंगाला तांबूस डाग होता, तोही पाहून ठेवला. “ताई, उद्या घरपोच करतो,” म्हणाले. पैसे दिले.

आला तो चकचकीत पॉलिशचा. रात्री काळी चारला लावला, पंखा बंद केला आणि खर्ज एकटाच छेडला. तार वाजली आणि विझली. जवारीचा दोरा केसाकेसाने पुढे-मागे सरकवला. झणकार वाढला, पण गंधार नाही तो नाहीच. मग वाद्य दिव्याखाली फिरवलं. भोपळा कोरा होता, डावीकडे नाही, उजवीकडेही नाही. माझे हातपाय गार पडले.

दुकानदार म्हणाले, “सगळे एकाच घरचे हो, फरक कसला? वाजवून वाजवून खुलेल.” डाग? “पॉलिशमध्ये गेला असेल.” आणि वर, “गाणाऱ्यांना काही ना काही खुपतंच.” शाहू महाराजांनी ज्या गावात अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून ठेवलं, त्या गावात वाद्यं विकणाऱ्या माणसाने हे बोलावं! याचा संताप अजून गेलेला नाही.

मिरजेला गेले. तिथल्या एका वयस्क कारागिराने तबलीवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि सांगितलं, “जाड राहिलीय. जवारी कितीही काढा, हा बोलायचा नाही.” भोपळा शेतात वाढतो, त्याची जाडी कुणाच्या हातात नसते. तबली हाताने तासली जाते. मग दोन नग सारखे होतील कसे? मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला अभिमान आहे. पण ते मानांकन गावाच्या कारागिरीला आहे, तुमच्या हातातल्या नगाच्या आवाजाला नव्हे.

म्हणून घेणाऱ्यांनो, जमेल तर थेट कारागिराकडे जा. आपल्याच पट्टीत लावून ऐका. काळी एकला गोड वाटणारा तंबोरा काळी चारला मुका निघू शकतो. दुकानातली पेटी आणि इलेक्ट्रॉनिक तंबोरा बंद करायला लावा. चारही तारा सुट्या छेडा, खर्जाला सर्वांत जास्त वेळ द्या. जवारी बिघडलेली असेल तर घाबरू नका, ती पुन्हा काढून मिळते. तबली आणि भोपळा मात्र नंतर बदलत नाहीत, तेव्हा तिथे तडजोड नको. खुंट्या घसरतात का ते बघा, थोडा वेळ थांबून स्वर पुन्हा तपासा. पावसाळ्यात शक्यतो घेऊ नका. घाई करू नका, पावती घ्या, सोबत जाणकार न्या.

आणि निवडलेल्या तंबोऱ्यावर दुकानदारासमोर पेन्सिलीने सही करा, भोपळ्याचा फोटो काढा, वाद्य स्वतः घेऊन या. घरपोच नको म्हणजे नकोच.

माझा तंबोरा अखेर दुकानदारांनी परत घेतला, पण “वापरलेला” म्हणून पैसे कापून. ते पैसे अजून मिळालेले नाहीत, आणि तो डागाचा तंबोरा कुणाकडे गेला हे विचारल्यावर उत्तरही मिळालं नाही.