गणकयंत्राशी पहिली ओळख

गणकयंत्राला आज्ञा देण्याची विद्या पूर्वी मूठभर शास्त्रज्ञांपुरतीच होती. छिद्रे पाडलेली कार्डे यंत्रशाळेत द्यावीत आणि उत्तरासाठी तासन् तास तिष्ठावे. एक चिन्ह चुकले, की सारे पुन्हा! नवशिक्याचा उत्साह टिकावा कसा? अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाचे गणिताचे प्राध्यापक जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ यांना तर वाङ्मय, इतिहास शिकणाऱ्यांनाही ही विद्या द्यावयाची होती. त्यांनी ‘बेसिक’ ही सोपी भाषा रचली. एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता यावे, अशी योजनाही केली. या कामी विद्यार्थीच राबले, हे विशेष. १ मे १९६४ रोजी पहाटे ४ वाजता शेजारशेजारच्या दोन टंकयंत्रांवरून एकदमच आज्ञा गेल्या. दोहोंची उत्तरे अचूक आली. आता विद्यार्थ्याला आपली चूक तत्काळ कळू लागली व बसल्या जागी सुधारता येऊ लागली.