लेकीच्या छातीवरचा बॅज

ताई, दादा, लेक बीएस्सी झाली आणि आता न्यूक्लिअर मेडिसिनची टेक्नॉलॉजिस्ट व्हायचं म्हणते. खर्चाचं, मुंबईतल्या राहण्याचं तुम्ही मोकळेपणानं बोलता. जिभेवर येऊन थांबतं ते वेगळंच: किरणांचं काम, उद्या पोरीला मूलबाळ झालं नाही तर?

ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांच्या गर्भाच्या पिशव्या काढल्या गेल्या. 2019 मध्ये चौकशीसाठी सरकारला समिती नेमावी लागली. त्या बायांना आधी नीट कोणी काही सांगितलंच नव्हतं. तुमच्या लेकीला पहिल्या दिवसापासून सगळं शिकवतात.

तिचं काम असं: सकाळी जनरेटरमधून टेक्नेशियम हे किरणं सोडणारं द्रव्य काढायचं, मोजायचं, औषधात मिसळायचं. समोर शिशाची भिंत, डोळ्यांपुढे शिशाची काच, सिरिंजलाही जड कवच. हे द्रव्य 6 तासांत निम्मं होतं, पेट स्कॅनचं फ्लोरिन तर 110 मिनिटांत. म्हणून हात चपळ हवा आणि डोकं थंड.

छातीवर टीएलडी बॅज असतो. अंगावर किती किरणं आली, ते त्याच्या तपासणीत कळतं. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. या मर्यादेतल्या कामानं वांझपण येत नाही. त्याला लागणारा डोस कितीतरी पटीनं मोठा असतो.

परळला टाटा हॉस्पिटलच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून आहे, तिथं हे शिकवतात. आपल्याकडचा कॅन्सरचा पेशंट ज्या टाटाला जातो, तेच. दुसरीकडे कुठं प्रवेश घ्यायचा असेल तर फी भरण्याआधी एवढंच विचारा: हा कोर्स अणुऊर्जा नियामक मंडळाला चालतो का? गोलमोल उत्तर आलं तर पैसे भरू नका.

आणि एक, ताई, खास तुमच्यासाठी. दिवस गेले की तीन महिने कोणाला सांगायचं नाही, हा आपला रिवाज. या नोकरीत तो मोडावा लागतो. तिनं कळवलं की पोटातल्या बाळासाठी उरलेल्या दिवसांची मर्यादा फक्त 1 मिलिसिव्हर्ट धरतात आणि त्याप्रमाणे काम बदलून देतात. पण तिनं लगेच कळवायला हवं. स्थळ बघाल तेव्हा सासरच्यांनाही हे बोलणीतच सांगून टाका.