शोधनिबंध जर्नलकडे पाठविताना

'जर्नल' हा शब्द वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या कानावर पडला की त्याच्या डोळ्यांपुढे रोजकीर्द उभी राहते. दिनांक, तपशील, खाते पान, नावे, जमा. आणि प्रत्येक नोंदीखाली कंसातले ते स्पष्टीकरण, 'रोखीने माल खरेदी केल्याबद्दल'. विज्ञान शाखेचे आमचे मित्र ज्याला जर्नल म्हणतात ती वस्तू वेगळी, हे खरे. पण तिच्यात लेख कसा लिहितात आणि कसा पाठवितात, हे समजून घेऊ लागल्यावर माझे मत असे झाले की दोन्ही जर्नलांचा धर्म एकच आहे. पावतीवाचून नोंद नाही, आणि जी नोंद दुसऱ्याला तपासता येत नाही ती नोंदच नव्हे.

प्रस्तुत लेखाचा विषय रेणवीय जीवशास्त्राचा शोधनिबंध हा आहे. तो बी. कॉम.च्या विद्यार्थ्याने का लिहावा, असे कोणी विचारील. मी सावरगावचा. हे गाव पांढुर्णा व सौंसर या भागातले. पूर्वी तो छिंदवाडा जिल्ह्यात होता, २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आहे. आमच्याकडे संत्र्याच्या झाडाचे दुखणे हा घरगुती विषय असतो. डिंक्या, कोळशी, शेंडेमर हे शब्द शाळेत जाण्यापूर्वीच कानावर येतात. या दुखण्यांचा छडा आता पानातल्या डीएनएपर्यंत जाऊन लावला जातो, आणि त्याचा अंतिम पुरावा कोणत्या तरी जर्नलातल्या शोधनिबंधातच असतो. तो निबंध खोटा असेल तर खोट्या औषधाचा खर्च शेवटी बागायतदाराच्या खात्यावर नावे पडतो.

आता उदाहरण घेऊ. संत्र्याचा 'ग्रीनिंग' नावाचा रोग आहे. तो एका जिवाणूमुळे होतो आणि सायला नावाची बारीक कीड तो पसरविते. पाने पिवळट, ठिपकेदार होतात. गंमत अशी की जस्ताच्या कमतरतेनेही पाने पिवळी पडतात. जस्ताच्या कमतरतेत पिवळेपणा पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो, ग्रीनिंगमध्ये तो वेडावाकडा असतो. नुसत्या डोळ्याने चूक होण्याचा संभव मोठा. म्हणून पानातून डीएनए काढून पीसीआर पद्धतीने जिवाणूच्या जनुकाचा एक तुकडा वाढवून पाहतात. ओआय१ आणि ओआय२सी या नावाचे प्रायमर वापरले तर हा तुकडा सुमारे १,१६० बेस-जोड्यांचा मिळतो. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या भागातल्या काही बागांची अशी तपासणी केली. त्याला ती प्रसिद्ध करावयाची आहे. त्याने काय करावे?

पहिली गोष्ट, लेखणी लगेच हाती घेऊ नये. प्रथम प्रयोगवही उघडावी. तीच त्याची पावतीबुके. कोणत्या तारखेला, कोणत्या बागेतून, झाडाच्या कोणत्या बाजूच्या फांदीची पाने तोडली. पूर्ण पान घेतले की मधली शीर. ती बर्फात आणली की पिशवीत. हा तपशील क्षुल्लक नाही. ग्रीनिंगचा जिवाणू झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत सापडेल, शेजारच्या फांदीत सापडणार नाही. म्हणजे 'जिवाणू आढळला नाही' या वाक्याचा अर्थ 'झाड निरोगी आहे' असा होत नाही. पाने कशी निवडली हे ज्या निबंधात लिहिलेले नाही, त्यातला नकार कोणाच्याही उपयोगाचा नाही. त्याच कारणाने रोगट म्हणून आधीच सिद्ध झालेला एक नमुना आणि नुसत्या पाण्याचा एक नमुना असे दोन्ही त्याच खेपेत चालविलेले असावे लागतात. पाण्यातच जर तुकडा उमटला, तर दोष झाडात नसून हाताळणीत आहे.

दुसरी गोष्ट जर्नलची निवड. प्रत्येक जर्नलचे क्षेत्र ठरलेले असते. 'जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी' हे १९५९ साली जॉन केंड्र्यू यांच्या संपादकत्वाखाली निघाले. त्याच जर्नलात १९६३ साली मद्रासहून जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन यांचा प्रथिनांच्या साखळीच्या रचनेवरचा छोटा निबंध आला. आज जगभर प्रथिनांची रचना तपासताना जी 'रामचंद्रन आकृती' काढतात, ती त्यातूनच निघाली. रेणूंच्या घडणीविषयी मूलभूत असे काही ज्यात आहे त्या निबंधाची ती जागा. दहा बागांत रोग आढळला, एवढेच ज्यात आहे तो निबंध वनस्पतिरोगांच्या जर्नलला शोभेल. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीचे 'जर्नल ऑफ बायोसायन्सेस' १९७९ पासून चालू आहे, तेही चाळून पाहावे. निवड झाली की त्या जर्नलच्या 'लेखकांसाठी सूचना' दोनदा वाचाव्यात. शब्दमर्यादा, संदर्भ देण्याची पद्धत, आकृत्यांची प्रत हे सारे तेथे असते. एक नियम मात्र सर्वत्र सारखा : एकाच वेळी दोन जर्नलांकडे निबंध पाठवावयाचा नाही. एकाच शेतावर दोन बँकांचे तारण कर्ज काढण्यासारखे ते आहे.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष लेखन. छापील निबंधाचा क्रम आपण जाणतो : शीर्षक, गोषवारा, प्रस्तावना, साहित्य व पद्धती, निष्कर्ष, चर्चा, ऋणनिर्देश, संदर्भ. लिहिण्याचा क्रम मात्र तो नसावा. प्रथम आकृत्या आणि कोष्टके तयार करावीत, कारण निबंधाचे भांडवल तेच. मग पद्धती लिहावी. प्रयोगवही समोर असली की ती सर्वांत सोपी. मग निष्कर्ष, मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर, आणि गोषवारा व शीर्षक सर्वांत शेवटी. ताळेबंद आधी लिहून मग तेरीज जुळविणारा कारकून आपण नोकरीवर ठेवणार नाही, परंतु गोषवारा आधी लिहून मग आकडे शोधणारे लेखक असतात असे ऐकतो.

रेणवीय जीवशास्त्राचे काही खास रिवाज आहेत. जनुकाचे नाव तिरक्या टाइपात, त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाचे सरळ टाइपात. सजीवांची शास्त्रीय नावे तिरकी. ग्रीनिंगच्या जिवाणूबाबत आणखी एक खुबी आहे. प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात वाढवून त्याचे रीतसर नामकरण झालेले नसल्यामुळे त्याच्या नावामागे 'कँडिडेटस', म्हणजे उमेदवार, असा शब्द लावतात. तेवढा शब्द तिरका व पुढचे नाव सरळ. हे चुकविणाऱ्याने सूचना वाचल्या नाहीत, हे परीक्षकाला पहिल्या पानावरच कळते.

डीएनएचा जो क्रम वाचला असेल, तो जेनबँकसारख्या सार्वजनिक भांडारात आधी जमा करावा लागतो. हे भांडार १९८२ पासून आहे. आपल्याकडेही फरीदाबाद येथे भारतीय जैविक माहितीचे केंद्र २०२२ साली सुरू झाले. जमा केल्यावर एक क्रमांक मिळतो, तो निबंधात छापतात. बँकेत भरणा केल्याची पावतीच ही. ज्याला शंका असेल त्याने क्रमांक टाकावा आणि मूळ क्रम पाहावा.

आकृत्यांविषयी थोडे अधिक लिहितो, कारण खरी लबाडी तेथेच होते. जेलवरच्या पट्ट्यांचे छायाचित्र संगणकावर उजळ करणे, नको तो पट्टा पुसणे, एकच चित्र उलटे करून दोनदा वापरणे हे सोपे झाले आहे. 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'ने २००२ पासून स्वीकारलेल्या निबंधांची चित्रे तपासण्यास आरंभ केला. पुढे २०१६ साली एलिझाबेथ बिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० जर्नलांतील २०,६२१ निबंधांची चित्रे पाहिली, त्यांतल्या ३.८ टक्के निबंधांत चित्रे संशयास्पद रीतीने पुन्हा वापरलेली आढळली. हिशेब तपासनीसाने व्हाऊचर उलटून पाहावे, तसेच हे काम. म्हणून उजळपणा बदलावयाचा तर तो संपूर्ण चित्राचा सारखाच बदलावा, दोन जेलांचे भाग जोडले असतील तर मध्ये रेघ दाखवावी, आणि मूळ छायाचित्र जपून ठेवावे. संपादक ते केव्हाही मागू शकतो.

आता भाषेचा प्रश्न. आमच्यासारख्या मराठी शाळेत शिकलेल्यांचे पाय येथेच अडखळतात. निबंध इंग्रजीत लिहावयाचा आणि इंग्रजी तर पाठ्यपुस्तकापुरते! मला वाटते ही भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. डीएनएच्या दुहेरी गोफाची रचना सांगणारा वॉटसन व क्रिक यांचा 'नेचर'मधला निबंध २५ एप्रिल १९५३ रोजी प्रसिद्ध झाला. तो सुमारे नऊशे शब्दांचा आहे. त्याचे टंकलेखन वॉटसन यांच्या बहिणीने केले आणि आकृती क्रिक यांच्या पत्नी ओडील यांनी काढली. परीक्षक अलंकार मोजत नाही, अर्थ शोधतो. वाक्य लहान, क्रियापद स्पष्ट, एका परिच्छेदात एक मुद्दा एवढे पुरते.

याबाबत कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांची आठवण आपल्या अंकात विशेष उचित आहे, कारण त्यांचा मार्ग मराठी आणि कन्नड दोन्ही मुलखांतून गेला. जन्म इंदूरचा, शिक्षण मुंबईचे. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत आणि अटींवर का होईना प्रवेश मिळविला. तेथे त्यांनी गरिबाच्या ताटातल्या डाळींवर काम केले. १९३५ साली त्यांचा व त्यांचे गुरू श्रीनिवासय्या यांचा डाळींमधल्या प्रथिनेतर नायट्रोजनावरील निबंध 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये आला. पुढे १९३९ साली केंब्रिजला पीएच.डी. मिळाली. तो प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता असे सांगतात.

त्यांच्या उदाहरणातून एक व्यावहारिक मुद्दाही निघतो. आरंभीचे निबंध 'भागवत' नावाने आणि लग्नानंतरचे 'सोहोनी' नावाने, त्यामुळे सूचीत एकाच व्यक्तीची दोन खाती पडतात. आमच्या भागात तर लग्नाचीही गरज नाही. एकच वानखेडे शाळेच्या दाखल्यावर रोमन लिपीत एका अक्षराने सुरू होतो, बँकेच्या पुस्तकात दुसऱ्या. २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक संशोधकाला विनामूल्य मिळतो; पहिल्या निबंधापूर्वीच तो घ्यावा. लेखकांची नावे आणि त्यांचा क्रम हेही लिहिण्याआधीच ठरवावे. ज्याने पाने तोडून आणून दिली त्याचे ऋण ऋणनिर्देशात मानावे, ज्याने प्रयोगाची आखणी केली किंवा अर्थ लावला तो लेखक. केवळ खुर्ची मोठी म्हणून नाव घालणे म्हणजे भांडवल न घालता भागीदारी देणे होय.

रवानगी आता जर्नलच्या संकेतस्थळावरून होते. सोबत संपादकाला एक पानभर पत्र लागते : काय आढळले, ते याच जर्नलच्या वाचकांना का हवे, आणि निबंध अन्यत्र पाठविलेला नाही. मग वाट पाहणे. संपादक तो दोन-तीन परीक्षकांकडे पाठवितो. त्यांचे शेरे कडू असतात. उत्तर देताना प्रत्येक शेरा उतरून घ्यावा, त्याखाली आपले म्हणणे लिहावे आणि बदल कोणत्या ओळीत केला ते सांगावे. परीक्षक चुकला असेल तर पुराव्यानिशी, नम्रपणे तसे लिहावे. निबंध परत आला तरी जग बुडत नाही. ज्या पीसीआरवर आपले वरचे सारे उदाहरण उभे आहे, तिच्यावरचा कॅरी मुलिस यांचा निबंध 'नेचर' आणि 'सायन्स' या दोघांनीही नाकारला होता. तो १९८७ साली दुसरीकडे छापला गेला आणि १९९३ साली मुलिस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पैशाविषयी न लिहिले तर माझ्या शाखेचे लोक रागावतील. हा धंदा विचित्र आहे. लेखकाला मानधन नाही, परीक्षकालाही बहुधा नाही, आणि विकत घेणारे पुन्हा त्यांचेच ग्रंथालय. याउलट काही जर्नले वाचकाला मोफत असतात आणि शुल्क लेखकाकडून घेतात. निबंध सर्वांना खुला ठेवावयाचा तर 'नेचर'ने २०२१ पासून ९,५०० युरो शुल्क ठरविले. तेव्हाच्या दराने आठ लाख रुपयांहून अधिक. भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नले. वाचण्याची सोय त्यामुळे शासकीय संस्थांना झाली. आपले महाविद्यालय तीत बसते की नाही हे ग्रंथपालांना विचारावे.

शुल्काच्या या वाटेवरच लुटारू बसले आहेत. 'आठ दिवसांत छापू' असे पत्र आले की समजावे, येथे परीक्षक नाही, फक्त रोखपाल आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची 'केअर' यादी २०१८ पासून थोडाफार आधार होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद झाल्याचे जाहीर झाले. आता परीक्षा ज्याची त्याने करावयाची. संपादक मंडळातल्या एखाद्याला पत्र टाकून खात्री करावी, जुने अंक वाचावेत, शुल्क आधीच स्पष्ट लिहिले आहे का ते पाहावे. सावरगावकडची मुले दुकानदाराचे वजन आधी पाहतात, तेवढी सावधगिरी येथे पुरेशी आहे.

निबंध स्वीकारला गेला की मुद्रिते येतात आणि ती दोन-तीन दिवसांत परत मागतात. त्यात नावे, जेनबँकचा क्रमांक, कोष्टकातले दशांश चिन्ह आणि प्रायमरचा क्रम अक्षरशः बोट ठेवून वाचावा. त्यानंतरही चूक राहिली तर खाडाखोड नाही. रोजकीर्दीत चुकलेली नोंद खोडून टाकत नाहीत, दुरुस्तीची नवी नोंद करतात. जर्नलही तसेच शुद्धिपत्र छापते. निबंध मागे घेतला तरी तो नाहीसा होत नाही. 'मागे घेतला' असा शिक्का आणि कारण यांसह तेथेच राहतो.