बिल दीड लाखाचं, हातात लाख

हिंजवडीतल्या एका कंपनीत मी काँट्रॅक्टवर होतो तेव्हाची गोष्ट. मीटिंगमध्ये मॅनेजरने स्क्रीन शेअर केली आणि चुकून भलतीच एक्सेल शीट उघडली. व्हेंडरचं नाव, पुढे माणसाचं नाव, त्यापुढे महिन्याचा बिल रेट. चार-पाच सेकंद दिसली असेल, पण तेवढ्यात माझ्या नावापुढचा आकडा वाचून झाला होता. त्या मीटिंगमध्ये पुढे काय ठरलं ते मला आजही आठवत नाही.

संध्याकाळी कन्सल्टन्सीला फोन लावला. रिक्रूटर शांतपणे म्हणाली, “सर, त्यात जीएसटी, पीएफ, सगळंच येतं ना. आम्हाला काहीच उरत नाही.” यातलं थोडं खरं होतं आणि बरीच थाप होती. कुठलं काय, हे कळायला माझे पुढचे दोन काँट्रॅक्ट खर्ची पडले.

हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. क्लायंट कन्सल्टन्सीला महिन्याला १,५०,००० देतो. तुमचा सीटीसी ठरला १,१०,०००. मधले ४०,००० हे मार्जिन.

जीएसटी आधी निकालात काढू. मनुष्यबळ पुरवण्याच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण तो दीड लाखाच्या वर, म्हणजे २७,००० वेगळे. बहुतेक क्लायंट ते इनपुट क्रेडिट म्हणून परत वळते करून घेतात. (बँकांना हे क्रेडिट पुरतं मिळत नाही, म्हणून तिथले रेट थोडे आवळलेले असतात.) तुमच्या पगारातून जीएसटी जात नाही, त्यामुळे ‘जीएसटीमुळे परवडत नाही’ हे वाक्य कानाआड करायचं.

पीएफची थाप तर त्याहून सरळ आहे. कंपनीचा वाटा तुमच्याच सीटीसीत धरलेला असतो, मार्जिनमधून जात नाही. १,१०,००० मधून कंपनीच्या पीएफचे १,९५० (१५,०००च्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे १,८००, वर प्रशासकीय खर्च आणि विम्याचे १५०), ग्रॅच्युइटीपोटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के म्हणजे ५५,००० वर २,६४५, आणि गटविम्याचे ७०० धरू. उरले १,०४,७०५. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) वजा केला की हातात १,०२,७०५. नव्या करप्रणालीत पगारदाराला १२,७५,००० पर्यंत आयकर नाही, म्हणून इथे टीडीएस शून्य.

आता खरी बाजू. क्लायंट साठ-नव्वद दिवसांनी पैसे देतो, कन्सल्टन्सीला पगार मात्र एक तारखेला करावा लागतो. जीएसटीसुद्धा बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या आत खिशातून भरायचा. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तरी दोन महिन्यांच्या उधारीचे दोन-अडीच हजार होतात. शिवाय तुम्हाला शोधण्यात वीस जणांचे इंटरव्ह्यू झालेले असतात, त्यातले पाच जण ऑफर घेऊन गायब झालेले असतात. हा खर्च खरा आहे, पण तो एकदाच होतो. वर्षभरानंतरही तेच ४०,००० कापले जात असतील, तर तो शोधण्याचा खर्च नव्हे, ती सवय.

मार्जिन किती, हे विचारलं की टक्क्यांत उत्तर येतं. लगेच विचारायचं: बिलावर की पगारावर? ‘पंचवीस टक्के’ बिलावर असतील तर दीड लाखातून तुम्हाला १,१२,५०० मिळायला हवेत, पगारावर असतील तर १,२०,०००. एकाच शब्दात महिन्याला साडेसात हजारांचा फरक. आपल्या उदाहरणातले ४०,००० बिलावर पावणेसत्तावीस टक्के होतात, पगारावर छत्तीसच्या वर. रिक्रूटर कुठला आकडा सांगेल हे सांगायला नको.

वाजवी किती? नुसता पगार काढून देण्याचं काम, म्हणजे माणूस क्लायंटनेच शोधलाय आणि कन्सल्टन्सी फक्त पेरोलवर घेतेय, त्याला माझ्या मते बिलाच्या आठ-दहा टक्क्यांपलीकडे काही द्यायचं कारण नाही. टीमलीजसारख्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या साध्या कामाच्या माणसांमागे महिन्याला सहाशे-सातशे रुपयांच्या आसपास कमावतात. आयटीचं गणित वेगळं, कबूल, पण पेरोल चालवायला खर्च किती येतो याचा अंदाज त्यावरून येतो. शोधून दिलेल्या माणसावर पहिल्या वर्षी वीस टक्के मी समजू शकतो. त्याहून जास्त दिसलं, तर मध्ये दुसरा व्हेंडर बसलाय का ते पाहा. मोठ्या क्लायंटकडे मुख्य व्हेंडर एक आणि त्याच्याखाली दोन-तीन उपव्हेंडर असतात. प्रत्येक जण आपला घास काढून ताट पुढे सरकवतो. ‘क्लायंटशी करार थेट तुमचा आहे का?’ हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा.

पगार वाढवून मागताना एक खड्डा आहे, त्यात मी पडलोय. समजा भांडून सीटीसी १,२०,००० करून घेतला, त्यात मूळ पगार ६०,०००. वाढ दहा हजारांची. पण प्रमाणित वजावट जाऊनही करपात्र उत्पन्न आता १२ लाखांच्या पुढे जाऊन सुमारे १२,९८,५०० झालं, करसवलत गेली आणि उपकरासकट वर्षाला जवळजवळ ७७,८०० कर बसला. हातात येतात १,०५,९८३, म्हणजे आधीपेक्षा फक्त ३,२७८ जास्त. दहा हजारांसाठी तीन आठवडे घासाघीस आणि हातात सव्वातीन हजार.

यावर उपाय आहे. नव्या करप्रणालीतही कंपनीने तुमच्या एनपीएस खात्यात मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलेली रक्कम करातून वजा होते. ६०,००० मूळ पगारावर ते ८,४०० होतात. सीटीसी तोच ठेवून एवढी रक्कम एनपीएसमध्ये वळवायला लावली, तर करपात्र उत्पन्न ११,९७,७०० च्या आसपास येतं आणि कर शून्य होतो (बँकेचं व्याज वगैरे दुसरं उत्पन्न नसेल तर). हातात १,०४,०६४ येतात. म्हणजे महिन्याला १,९१९ रुपये कमी घेऊन ८,४०० स्वतःच्या नावावर साठतात. पैसे बरीच वर्षं अडकतात हे लक्षात ठेवून ठरवा. कन्सल्टन्सीला यात दमडीचा खर्च नाही, फक्त पेरोलवाल्याला थोडं काम वाढतं. त्यामुळे ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ हे पहिलं उत्तर येईल. दुसऱ्यांदा मागा.

ग्रॅच्युइटीकडेही नजर ठेवा. सीटीसीतून दरमहा २,६४५ कापले आणि करार अकरा महिन्यांचा असेल, तर २९,०९५ रुपये तुमच्या नावावर दाखवून कधीच न देण्याची सोय झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्याला एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी मिळते. आधी पाच वर्षं लागायची. म्हणून करार बारा महिन्यांचा मागा, नाहीतर ग्रॅच्युइटी सीटीसीबाहेर काढायला सांगा. दोन्हीला नकार आला, तर तो सीटीसी मनातल्या मनात अडीच हजारांनी कमी धरा.

दिवसाच्या रेटवर बोलणी असतील तर बावीसने गुणू नका. शनिवार-रविवार आणि दहा सुट्ट्या वजा जाता वर्षात साधारण २५१ दिवस उरतात, महिन्याला एकवीससुद्धा नाहीत. ५,००० च्या रेटला फोनवर सांगितलेले वर्षाचे १३,२०,००० प्रत्यक्षात १२,५५,००० होतात. आजारपणाचे दिवस त्यातूनच वजा जातात. काही अमेरिकन क्लायंट डिसेंबरअखेर दहा दिवस काम बंद ठेवतात, त्या दिवसांचं काय, तेही विचारून घ्या.

कराराच्या कागदात दोन कलमं शोधा. पहिलं, ‘क्लायंटकडे थेट नोकरी घेणार नाही’. करार संपल्यानंतरही काम करू न देणारी बंधनं भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाहीत. दुसरं, मुदतीआधी सोडल्यास दंड. हे हलक्यात घेऊ नका. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दोन लाखांचा असाच बॉण्ड वैध ठरवला. आणि राजीनाम्यानंतरचा हिशेब पंचेचाळीस दिवसांनी देऊ असं लिहिलं असेल, तर वेतन संहितेत सोडून जाणाऱ्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायला सांगितलंय, हे मेलवर नम्रपणे लिहून ठेवा. नोकरी लावण्यासाठी तुमच्याकडूनच पैसे मागणाऱ्याशी मात्र बोलणीच करू नका, फोन ठेवा.

कन्सल्टन्सी टाळून स्वतःच बिल करायचं का? वर्षाला २० लाखांच्या आत जीएसटी नोंदणी लागत नाही, व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापला जातो, तो रिटर्न भरून वळता करता येतो. उद्यम नोंदणी केली तर क्लायंटला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं भाग पडतं. पण पीएफ, विमा, पगारी रजा सगळं आपलं आपण बघायचं, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या एकट्या माणसाला व्हेंडर म्हणून घेतच नाहीत.

राहिलं रिन्यूअल. पहिल्या वेळी तुम्ही विसांतले एक असता. वर्षभरानंतर क्लायंटला तुमचं काम माहीत असतं आणि तुम्हाला बदलायचं तर कन्सल्टन्सीला पुन्हा वीस इंटरव्ह्यू करावे लागतात. बिल रेट न वाढवताही मार्जिन चाळीसवरून तीस हजारांवर आणता येतं, आणि क्लायंटचं बजेट टाइट आहे हे उत्तर तिथे लागू पडत नाही. मेलमध्ये तेवढंच लिहा: बिल रेट आहे तोच राहू दे, माझा सीटीसी दहा हजारांनी वाढवा, त्यातले ८,४०० एनपीएसमध्ये टाका. हा मेल करार संपायच्या दीड महिना आधी गेला पाहिजे. शेवटच्या आठवड्यात पाठवलेल्या मेलला ‘पुढच्या वेळी बघू’ एवढंच उत्तर येतं.