दातांच्या दवाखान्याची घडी

दातांच्या दवाखान्यात पेशंटचे काम क्वचितच एका भेटीत संपते. रूट कॅनलला दोन-तीन सिटिंग लागतात आणि त्यानंतर कॅप. कवळीसाठी माप, चावा, ट्रायल आणि शेवटी बसवणे अशा चार-पाच खेपा होतात. तारा लावलेल्या मुलाला दीड-दोन वर्षे दर महिन्याला यावे लागते. दंतवैद्याचे अर्धवट काम पेशंटबरोबर घरी जाते, त्यामुळे दवाखान्याची व्यवस्था हा उपचाराचाच भाग ठरतो. बीडीएसची चार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक वर्ष यांत दाढ कशी काढावी हे हातात बसते. पण काढायचे ठरलेली दाढ काढून घ्यायला पेशंट आलाच नाही, तर ते कोणाच्या लक्षात यायला हवे, यावर फारसा भर नसतो.

व्यवस्थापनाची पद्धत म्हणजे प्रत्येक ठरलेले काम कुठेतरी लिहिलेले असणे, त्यापुढे एका माणसाचे नाव असणे आणि ते झाले की नाही हे ठरल्या वारी तपासले जाणे. या तिन्हींपैकी एक जरी सुटले, तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग होत नाही. ‘आम्ही सगळे मिळून बघतो’ असे जिथे सांगितले जाते, तिथे ते काम कोणीच बघत नसते, असा अनुभव आहे.

सगळ्यात मोठी गळती अपुऱ्या रूट कॅनलची असते. पहिल्या सिटिंगला दाढ उघडून आतली सुजलेली नस काढली की ठणका थांबतो. रात्रभर न झोपलेला माणूस त्या दिवशी जेवतो, झोपतो आणि आपण बरे झालो असे समजतो. दाढेत मात्र फक्त औषध आणि तात्पुरते सिमेंट असते. काही आठवड्यांत ते सिमेंट झिजते, लाळेबरोबर जंतू आत शिरतात आणि आतून पोकळ झालेली दाढ चावण्याच्या दाबाने उभी तडकते. मुळापर्यंत तडकलेल्या दाढेवर कॅप बसत नाही, ती काढावीच लागते. मग ‘रूट कॅनल केले आणि दाढ गेली’ ही गोष्ट गावभर होते. पेशंटची दाढ जाते, दवाखान्याचे नाव जाते, आणि हे सगळे एका न केलेल्या फोनमुळे होते.

प्रस्तुत लेखकाच्या दवाखान्यात यावर उपाय म्हणून अपुऱ्या कामांची एक वेगळी वही ठेवण्यात आली. केसपेपर कपाटात जातो, पण ही वही रिसेप्शनच्या टेबलावर उघडी असते. नाव, फोन, दाताचा क्रमांक, काय झाले, काय राहिले, पुढची तारीख आणि फोन केल्याची खूण एवढेच रकाने. एक नोंद अशी दिसते : ‘४६, नस काढली, औषध घातले, भरणे बाकी, कॅप बाकी.’ ४६ म्हणजे खालच्या जबड्यातली उजवीकडची पहिली मोठी दाढ. दर सोमवारी सकाळी पहिला पेशंट येण्याआधी ही वही वाचली जाते. काम पूर्ण झाल्याशिवाय ओळीवर रेघ मारायची नाही, हा नियम असतो.

फोनवर काय बोलायचे, हेही ठरवून द्यावे लागते. ‘काका, दाढेत औषध घालून ठेवलंय, तशीच राहिली तर तडकेल. डॉक्टरांनी बोलावलंय, कधी जमेल?’ एवढे पुरे. याच फोनवर बाकी पैशांचा विषय काढला, की पेशंट पुढचे फोन उचलतच नाही. उधारीचा फोन वेगळ्या दिवशी आणि शक्यतो वेगळ्या माणसाने करावा. ग्रामीण भागात पेरणी, सुगी आणि लग्नसराई यांचे भान ठेवूनच तारीख द्यावी. ऐन कापणीत दिलेली तारीख चुकणारच. दवाखाना वाढवण्यासाठी नवे पेशंट आणण्याचा विचार पुष्कळ होतो, पण आलेल्यांची कामे पूर्ण करण्याइतकी खात्रीची वाढ दुसरी नाही.

यानंतर लॅबचे काम येते. कॅप बसवून घ्यायला पेशंट कामावर खाडा करून येतो आणि कॅपच आलेली नसते, हा प्रसंग फार दवाखान्यांत घडतो. लॅबच्या रजिस्टरात माप पाठवल्याची तारीख, शेड, परत यायची तारीख आणि आल्यावर मॉडेलवर बसवून पाहिल्याची सही असावी. कॅप अपॉइंटमेंटच्या आदल्या संध्याकाळपर्यंत हातात आली नाही, तर त्याच वेळी पेशंटला फोन करून तारीख बदलावी. शेड म्हणजे दाताची रंगछटा; ती कॅपसाठी दात घासून लहान करण्याआधी, दिवसाच्या उजेडात ठरवावी. तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात सुकतो आणि आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. ए-३ रंगाच्या दाताला ए-२ ची कॅप गेली, की ती परत करावी लागते. किती कामे परत गेली याची नोंद महिन्याला पाहिली, की चूक मापात आहे की लॅबमध्ये, हे बोलाचाली न होता कळते.

निर्जंतुकीकरणात स्मरणशक्तीवर विसंबणे धोक्याचे आहे. प्रत्येक पाऊचवर ऑटोक्लेव्ह केल्याची तारीख आणि फेरीचा क्रमांक हवा. टेपचा रंग बदलला म्हणजे वाफेची उष्णता तिथवर पोचली, एवढेच सिद्ध होते. जंतू मेले का, हे पाहण्यासाठी स्पोअर टेस्ट असते आणि ती आठवड्याला करावी. कचऱ्याबाबत २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे रंग ठरवून दिले आहेत. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

साध्या यादीचे बळ किती असते, हे २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने आणलेल्या १९ कलमांच्या शस्त्रक्रिया-यादीने दाखवले. ते काम शल्यचिकित्सक अतुल गवांदे यांच्या नेतृत्वाखाली झाले. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत यादी वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. दंतवैद्याने यातून घ्यावी अशी एक सवय म्हणजे दाढ काढण्याआधी तिचा क्रमांक मोठ्याने वाचणे आणि असिस्टंटने तो एक्स-रेशी ताडून ‘बरोबर’ म्हणणे. निरोगी दाढ चुकून निघाली, तर ती जन्माची गेली.

खर्चाचा अंदाज द्यावा आणि संमती घ्यावी; दोन्ही मराठीत, लेखी आणि काम सुरू करण्याआधी. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आहे. तपासणीला दिलेली संमती म्हणजे उपचाराला संमती नव्हे, हे त्याच न्यायालयाच्या २००८ च्या निकालाने स्पष्ट केले आहे.

महिनाअखेरीला बहुतेक ठिकाणी फक्त गल्ला मोजला जातो. व्यवस्थापनाचे अभ्यासक कॅपलन आणि नॉर्टन यांनी १९९२ साली मांडलेली समतोल मोजमापाची कल्पना इथे उपयोगी पडते. अपुरी राहिलेली कामे, रिकामी गेलेली खुर्ची, लॅबला परत गेलेली कामे आणि सहा महिन्यांनी तपासणीला परत आलेले पेशंट हे आकडे गल्ल्याच्या शेजारी मांडावेत. मदतनीस डॉक्टरांना महिन्याला इतक्या कॅप, इतकी रूट कॅनल असे लक्ष्य कधीही देऊ नये. ज्या दाताला फक्त सिमेंट पुरले असते, त्याची नस अशा लक्ष्यापायी जाते.

सॉफ्टवेअर शेवटी घ्यावे. कागदावर काही महिने चाललेली पद्धत संगणकावर सहज चढते. वहीच नसताना घेतलेल्या सॉफ्टवेअरची आठवण करून देणारी खिडकी रोज न वाचताच बंद केली जाते. विकत घेण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : करार संपला तर पेशंटची सगळी माहिती आपल्याला परत मिळेल का, आणि ती कोणत्या स्वरूपात? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ही माहिती जपण्याची जबाबदारी दवाखान्यावर टाकली आहे.

दुसरी शाखा काढण्याआधी मुख्य डॉक्टरांनी आठवडाभर बाहेर राहून पाहावे. परतल्यावर काय अडले ते लिहून काढावे : किल्ली कोणाकडे होती, लॅबला पैसे कोणी दिले, सुजलेल्या चेहऱ्याने आलेल्या पेशंटला कोणी पाहिले. ही यादी आटोपशीर होईपर्यंत थांबावे. त्यानंतर नव्या जागेत ऑटोक्लेव्हचे स्वतंत्र रजिस्टर, कचऱ्याची स्वतंत्र परवानगी, एक्स-रे यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे वेगळी नोंद आणि अपुऱ्या कामांची वेगळी वही या गोष्टी पहिला पेशंट खुर्चीत बसण्यापूर्वी तयार असाव्यात.