गेज तळाशी का अडतं?

हुमनाबाद, भालकी, बिदर या पट्ट्यातली वर्कशॉपं बरीचशी साखर कारखान्यांच्या कामावर चालतात. गाळपाआधीच्या महिन्यांत गिअरबॉक्सची झाकणं, पंपांच्या बॉड्या दुरुस्तीला येतात. कलबुर्गीकडे वाडी-सेडमच्या सिमेंट कारखान्यांची कामं वर्षभर असतात. अशा महागड्या जॉबच्या आंधळ्या भोकात टॅप मोडला की तो काढता काढता जॉबच हातचा जातो. थ्रेड मिलिंगचा कटर भोकापेक्षा बारीक असतो, मोडला तरी सहसा निघतो. म्हणून आपल्याकडची पोरं सीएनसीवर या पद्धतीकडे वळताहेत, आणि ते योग्यच आहे. पण यातला एक धोका मी जवळून पाहिला आहे.

एका शेडमध्ये एम २० × २.५ चे आटे काढायचं काम होतं. भोक १७.५ मिमीचं, कटर १४ मिमीचा, पूर्ण लांबीभर दातांचा. पहिल्या भोकात गो गेज वरचे काही आटे सरसर गेलं आणि अडलं. ऑपरेटरने ऑफसेट बदलून कटर आणखी बाहेर नेला. गेज तळापर्यंत उतरलं, सगळे खूश. मी नो-गो लावून पाहिलं, तर तेही वरून आत शिरत होतं. कटर टोकाशी वाकत असल्याने आटे वर ढिले, खाली घट्ट, निमुळते झाले होते. तो जॉब वाया गेला.

गेज तळाशी अडलं की ऑफसेटला हात लावायचा नाही, आधी कटर का वाकला ते शोधायचं. इथे मूळ दोष फीडमध्ये होता. कॅम सॉफ्टवेअरमध्ये ६०० मिमी प्रतिमिनिट भरला होता आणि मशीनने तो कटरच्या केंद्राला दिला. भोकाच्या आत मात्र धार केंद्रापेक्षा मोठं वर्तुळ फिरते. धारेला ६०० हवा असेल तर केंद्राचा फीड (२० − १४) ÷ २० या प्रमाणात, म्हणजे १८० हवा. ६०० तसाच गेला तर धारेवर २००० चा मार बसतो. काही सॉफ्टवेअर ही दुरुस्ती आपोआप करतात, काहींत खूण करावी लागते; म्हणून पोस्ट केलेल्या प्रोग्रॅममधला आकडा डोळ्यांनी वाचा.

कटर होल्डरबाहेर गरजेपुरताच ठेवा. आट्याची खोली दोन-तीन पासमध्ये घ्या आणि शेवटी माप न बदलता एक फेरी रिकामी मारा. भोक खोल असेल तर एकाच ओळीच्या दातांचा कटर वापरा. वेळ जास्त लागतो, पण त्यावर भार कमी येतो आणि आटे सरळ निघतात. उजवे आटे जी०३ ने तळातून वर काढले की क्लाइंब कटिंग होतं आणि फिनिश चांगली येते. आत शिरताना आणि बाहेर पडताना कटर वक्रावरूनच न्या, त्या वक्रातही झेड चढत राहू द्या. सरळ घुसवला तर तिथे आट्यावर खूण उठते.

स्क्रीनवरच्या सिम्युलेशनमध्ये कटर वाकत नाही, तिथे सगळेच आटे सुंदर दिसतात. हंगामाची घाई कितीही असली तरी पहिलं भोक त्याच धातूच्या तुकड्यावर काढा, गो तळापर्यंत उतरतं आणि नो-गो वरच अडतं का ते पाहा, आणि मगच गिऱ्हाइकाचा जॉब टेबलावर बांधा.